उंबरठ्यावरची चौकशी



बंगळूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर संगणकाविषयी बोलायला उभं राहणं जरा धाडसाचंच. इथले निम्मे लोक सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि उरलेले निम्मे सॉफ्टवेअरवाल्यांचे आईवडील. पहिल्यांना सगळं माहीत असतं, दुसऱ्यांना सगळं सोसावं लागतं. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, टेस्टिंगची, म्हणजे पहिल्या निम्म्यातली. आज मात्र मी दुसऱ्या निम्म्याच्या वतीने बोलणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते नाना उभा जन्म दूरवाणीनगरात, आयटीआयमध्ये टेलिफोन घडवत राहिले. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज 1948 साली बंगळूरमध्ये सुरू झाली, आणि देशातल्या घराघरांत ठाण मांडून बसलेली ती काळी जड डबडी बहुतेक इथूनच गेली. आज ऐकायला गंमत वाटेल, पण तो फोन तुमचा नसायचा. यंत्र सरकारचं, तार सरकारची, आणि त्या तारेला आपल्या आवडीचं दुसरं यंत्र जोडणं नियमात बसायचं नाही. ग्राहकाकडची टेलिफोन यंत्रं बनवायला खाजगी कारखान्यांना मोकळीक मिळाली ती 1984 मध्ये. अमेरिकेत याच प्रश्नावरचा खटला त्याआधीच गाजला होता. थॉमस कार्टर नावाच्या टेक्सासमधल्या माणसाने रेडिओ आणि टेलिफोन यांची सांगड घालणारं यंत्र केलं, टेलिफोन कंपनीने ते परकं ठरवून बंदी घातली, आणि 1968 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने निकाल दिला की जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाने काय जोडायचं हे ग्राहक ठरवेल. मोडेम घराघरांत जायला या निकालाने वाट करून दिली, आणि आपल्या इंटरनेटची सुरुवातीची वर्षं त्या मोडेमच्या किरकिराटातच गेली.

आजचा विषय हाच आहे, फक्त तारेच्या जागी वेबसाइट आली आहे. मी कुठलं सॉफ्टवेअर वापरून तुमच्या दारात आले, यावरून तुम्ही मला आत घ्यायचं की नाही हे ठरवावं का? ठरवलंच, तर केव्हा ते तुमचं स्वातंत्र्य आणि केव्हा माझ्यावरचा अन्याय?

हे बंगळूरमध्ये बोलायला एक सबळ कारण आहे. 15 मे 2015 या दिवशी मिंत्राने, म्हणजे आपल्याच शहरातल्या कपड्यांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने, आपली वेबसाइट बंद केली. ती बिघडली नव्हती, जाणूनबुजून बंद केली होती. तिथे गेलं की ॲप डाउनलोड करा असा निरोप मिळायचा. आदल्याच वर्षी मिंत्रा फ्लिपकार्टने विकत घेतली होती, आणि खुद्द फ्लिपकार्टने मार्च 2015 मध्ये मोबाइलवरच्या ब्राउझरसाठी असलेली आपली साइट बंद केली होती. पुढची पायरी म्हणून संगणकावरची साइटही बंद होणार अशी चर्चा होती. मिंत्राचं गणित असं होतं: साइटवर येणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोक मोबाइलवरून येतात आणि जवळपास 70 टक्के विक्री मोबाइलवरच होते. मग उरलेल्यांसाठी दुसरं दुकान कशाला सांभाळायचं?

वरवर हे खर्चाचं गणित आहे. पण पाणी दुसरीकडे मुरत होतं. ब्राउझर हा माझा माणूस असतो. त्यात मी एका खिडकीत एक दुकान आणि दुसऱ्या खिडकीत दुसरं दुकान उघडून भाव ताडून बघते. त्याला भाव जुळवून दाखवणारं जोडसाधन लावते, जाहिराती गाळते, अक्षरं मोठी करते. ॲप हा दुकानाचा माणूस. तो माझ्या फोनवर कायमचा राहायला येतो, रात्री साडेदहाला सूचना पाठवतो, मी कुठे आहे ते विचारतो, आणि शेजारच्या दुकानात काय भाव चाललाय हे त्याच्या खिडकीतून दिसत नाही. वेबसाइट बंद करून ॲप सक्तीचं केलं की माझा माणूस बाहेर राहतो आणि त्यांचा माणूस माझ्या घरात येतो. खरा सौदा हा होता.

तो फसला. नोव्हेंबर 2015 मध्ये फ्लिपकार्टने गूगलच्या क्रोम चमूबरोबर काम करून ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणलं, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारी, पण ॲपसारखी चपळ साइट. त्यानंतर गूगलने प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत: या साइटचे 63 टक्के वापरकर्ते टूजीवरून येत होते, आणि लोक आधीच्या तिप्पट वेळ रमत होते. कंपन्यांनी स्वतःच दिलेले आकडे हातचं राखून ऐकावेत, पण टूजीचा आकडा खोटा सांगून कुणाचा काही फायदा नव्हता. ज्यांच्या फोनमध्ये जागा नाही, ज्यांचा डेटा दिवसाकाठी मोजून वापरायचा, अशा माणसांना जड ॲप डाउनलोड करायला सांगितलं जात होतं. मिंत्राने फेब्रुवारी 2016 मध्ये मोबाइलवरची साइट परत आणली आणि 1 जून 2016 ला संगणकावरचीही. सुमारे वर्षभरात दोन्ही दुकानं मुकाट्याने जुन्या उंबरठ्यावर परतली.

का परतली, हे महत्त्वाचं. गिऱ्हाइकाला ॲमेझॉन होतं, स्नॅपडील होतं, आणि कपड्यांसाठी चिकपेठ होती. दार बंद दिसलं की तो पुढच्या दारात जात होता. इथे बाजाराने आपलं काम केलं, आणि ते केलं हे मान्य करायला मला जड जात नाही. यावर लगेच कायदा करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. कापडवाल्याने आपलं दुकान कसं मांडावं हा शेवटी त्याचा प्रश्न.

त्याच वर्षी याच देशात एक मोठी लढाईही चालू होती. दूरसंचार नियामक ट्रायने मार्च 2015 मध्ये सल्लामसलतीसाठी कागद काढला आणि नेटच्या तटस्थतेच्या, म्हणजे सगळ्या साइटना सारखीच वागणूक देण्याच्या, बाजूने दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ठरावीक ॲप्सचा डेटा ग्राहकाला फुकट देणाऱ्या एअरटेल झीरो या योजनेत सामील होण्याची बोलणी फ्लिपकार्टने लोकांच्या रेट्यामुळे एप्रिलमध्ये सोडली. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने नियम केला: कुठली साइट बघता यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. तो विजय खरा होता. पण नियम डेटा वाहून नेणाऱ्यावर होता. वाटेत कुणी अडवायचं नाही हे ठरलं. पोचल्यावर दारात कुणी अडवायचं नाही, हे कुणी ठरवलं नाही, आणि त्या गदारोळात तसा प्रश्न कुणाच्या फारसा लक्षातही आला नाही.

वेब मुळात कसं होतं ते आठवलं तर हे जास्त खटकतं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जो पहिला ब्राउझर केला, तो फक्त नेक्स्ट या महागड्या संगणकावर चालायचा. तिथल्या लोकांकडे तऱ्हेतऱ्हेचे संगणक होते. म्हणून निकोला पेलो या तरुण विद्यार्थिनीने केवळ अक्षरं दाखवणारा, कुठल्याही संगणकावर चालेल असा साधा ब्राउझर लिहिला. वेब पसरलं ते त्याच्यामुळे. आणि 30 एप्रिल 1993 ला सर्नने ते सगळं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं. सर्वांच्या हातातल्या साध्या साधनावर चालेल तेच वेब, ही समजूत जन्मापासूनची आहे.

मग चौकशी सुरू झाली. ब्राउझर साइटकडे गेला की आपलं नाव सांगतो, एका ओळीत. नव्वदच्या दशकात नेटस्केपच्या ब्राउझरला जास्त करामती जमायच्या, म्हणून साइटवाले त्या ओळीत मोझिला हे त्याचं नाव शोधायचे आणि सापडलं तरच चांगलं पान द्यायचे. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला तेव्हा त्याला निकृष्ट पान मिळायला लागलं. त्याने काय केलं? आपलं नाव मोझिला सांगितलं आणि कंसात बारीक अक्षरात खरं नाव घातलं. पुढे प्रत्येकाने हेच केलं. आज तुमच्या फोनवरचा क्रोम जी ओळ पाठवतो तिच्यात मोझिला आहे, ॲपलवेबकिट आहे, केएचटीएमएल आहे, गेको आहे, सफारीही आहे आणि क्रोमही. दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याने एकाच वेळी पोलीस, वैद्य आणि पोस्टमन यांची वेशभूषा चढवावी तसं हे झालं आहे. आणि हे सोंग घ्यायला लागलं ते आत सोडत नव्हते म्हणून.

ऑपेरा हा नॉर्वेचा ब्राउझर. त्याच्या गोष्टी तर ऐकण्यासारख्या आहेत. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन साइटने ऑपेरा आणि इतर काही ब्राउझरना थेट बाहेर ठेवलं. बोंबाबोंब झाली तेव्हा दार उघडलं. मग 2003 मध्ये ऑपेराच्या लोकांना आढळलं की एमएसएन त्यांच्या ब्राउझरला मुद्दाम वेगळी मांडणी पाठवतं आहे, जिच्यात मजकूर वाकडातिकडा दिसतो, जणू ब्राउझरच गचाळ आहे. ऑपेराने सूड म्हणून एक खास आवृत्ती काढली. ती बाकी सगळ्या साइट नीट दाखवायची, फक्त एमएसएनवर गेलं की सगळा मजकूर ‘बोर्क बोर्क’ असा करून टाकायची. सूड घ्यावा तर असा! 2009 मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली: कित्येक साइट आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचायच्या आणि दहाला एक समजून जुनाट म्हणून हाकलायच्या. ऑपेराने पुढची काही वर्षं आपली आवृत्ती 9.80 अशी सांगून वेळ भागवली.

मराठी वाचकाने हे सगळं स्वतः भोगलेलं आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी मराठी वृत्तपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा युनिकोड या सामायिक अक्षरमानकाचा सर्रास वापर नव्हता. प्रत्येक वृत्तपत्राचा आपला फाँट, आणि अक्षरांची आतली जुळणीही ज्याची त्याची वेगळी. आधी फाँट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. नंतर ‘डायनॅमिक फाँट’ आले, जे पानाबरोबर आपोआप यायचे. पण त्यांतला मायक्रोसॉफ्टचा प्रकार फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालायचा. लिनक्सवर किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा शिमगा दिसायचा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी मराठी मुलं प्रयोगशाळेतल्या युनिक्स संगणकावर गावाकडची बातमी बघायला जायची आणि हाती हा शिमगा यायचा. ज्याला मराठी येत होतं त्यालाच मराठी वाचता येत नव्हतं, कारण त्याचा ब्राउझर वेगळा होता. आणि तो मजकूर शोधयंत्राला तर कधीच सापडला नाही. त्या काळातली कितीतरी पानं आजही शोधून सापडत नाहीत.

यात बंगळूरचाही वाटा आहे, आणि तो कौतुकाचा आहे. आकृती हे भारतीय भाषांचं सॉफ्टवेअर इथल्या सायबरस्केप मल्टिमीडियाचं. त्यांनी नऊ भारतीय लिप्यांचे आपले फाँट मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. तेव्हा लिनक्सवर भारतीय लिप्या आणू पाहणाऱ्यांच्या हातात काहीतरी धड पडलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज 2000 पासून देवनागरी युनिकोड देऊ केलं आणि हळूहळू वृत्तपत्रं तिकडे वळली. कुंपण पडलं ते एका कुणाच्या औदार्याने नव्हे. सगळ्यांनी एक सामायिक मानक मान्य केलं, म्हणून पडलं.

आता आतली गोष्ट सांगते. लोकांना वाटतं, एखादा ब्राउझर वगळायचा म्हणजे कुणीतरी दुष्टपणे बसून ठरवत असेल. तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ते एका एक्सेलच्या पानावर होतं. कामाच्या सुरुवातीला एक तक्ता तयार होतो: क्रोमच्या शेवटच्या दोन आवृत्त्या, सफारीच्या दोन, एज, जमलं तर फायरफॉक्स. त्याला आम्ही सपोर्ट मॅट्रिक्स म्हणतो. त्यात जे नाही ते ‘आउट ऑफ स्कोप’. तपासायचं तर माणसाचे तास लागतात, तासांचे पैसे ग्राहकाकडून घ्यायचे, आणि ग्राहक विचारतो, हे किती लोक वापरतात? मग सध्याच्या साइटची आकडेवारी काढली जाते. त्यात फायरफॉक्सवाले जेमतेम दिसतात आणि जुन्या फोनवाले त्याहून कमी. तक्त्यातून नाव कटतं. पण आकडेवारीत ते का दिसले नाहीत हे कुणी विचारत नाही. ज्यांना मागच्या वेळीच आत सोडलं नव्हतं ते मोजणीत येणार कसे? शिवाय काही ब्राउझर ही मोजणीच गाळून टाकतात, आणि बाकीच्यांनी आपलं नाव क्रोम सांगितलेलं असतं, कारण नाहीतर दारात उभं करत नाहीत. अशा रीतीने दरवर्षी तक्ता आखूड होत जातो आणि दरवर्षी तो आकडेवारीने सिद्धही होतो.

आणि मग कुणीतरी हुशार पोरगा दोन ओळींचा कोड लिहितो: तक्त्यातला ब्राउझर नसेल तर ‘कृपया क्रोम वापरा’ ही पाटी दाखव. गंमत अशी की ती पाटी काढून टाकली तर दहापैकी आठ वेळा पान व्यवस्थित चालतं. न चालणाऱ्या गोष्टीबद्दल तक्रार येऊ नये म्हणून चालणारी गोष्टही बंद केलेली असते. हे मी नोकरीत वारंवार पाहिलं आहे, आणि त्याला वाईट हेतूपेक्षा आळस आणि मुदत हीच कारणं असतात.

दुकानाचं एक झालं. सरकारी कचेरीचं काय? तिथे दुसरं दार नसतं.

कंपनी नोंदवायची, वार्षिक विवरण भरायचं, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए 21 खेरीज गती नाही. 2006 मध्ये टीसीएसने उभी केलेली ही यंत्रणा त्या काळाच्या मानाने मोठं काम होतं, यात शंका नाही. पण तिची घडण इंटरनेट एक्स्प्लोरर, जावा आणि ॲडोबी रीडर यांना धरून होती. अर्ज विशिष्ट पीडीएफमध्ये, तो ॲडोबीच्याच वाचकात उघडायचा, सही डिजिटल टोकनने करायची. परिणामी देशभरातल्या सीए आणि कंपनी सेक्रेटरींच्या ऑफिसात एक म्हातारा संगणक केवळ या कामासाठी जिवंत ठेवलेला असायचा, ज्याला कुणी अपडेट करायचं नाही. बंगळूरच्या जयनगरात आणि पुण्याच्या नारायण पेठेत सारखंच. खुद्द मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला. ज्या ब्राउझरला त्याच्या जन्मदात्याने टाकलं, त्याला सांभाळायची पाळी आपल्या सीए लोकांवर आली होती.

हे आपल्याकडेच झालं असं समजू नका. दक्षिण कोरियाने यात आपल्यालाही मागे टाकलं आहे. 1999 च्या सुमारास अमेरिकेतून मिळणारं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याचं तंत्र, दुबळं होतं, म्हणून कोरियाने सीड नावाचं स्वतःचं केलं. ब्राउझरमध्ये ते नव्हतं, तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररला ॲक्टिव्हएक्स नावाचं जोडसाधन लावून ते चालवलं. बँक आणि ऑनलाइन खरेदीसाठी अधिकृत प्रमाणपत्र सक्तीचं झालं, आणि त्यामुळे जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटच्या देशात सगळी जनता वर्षानुवर्षं एकाच ब्राउझरच्या दावणीला बांधली गेली. 2014 मध्ये एका लोकप्रिय मालिकेतल्या नायिकेचा कोट चीनमधल्या चाहत्यांना हवा होता आणि कोरियन साइटवरून तो घेताच येईना. ही तक्रार राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी जाहीरपणे मांडली. प्रमाणपत्राची ती मक्तेदारी कायद्याने संपली डिसेंबर 2020 मध्ये. सुरुवातीचा हेतू सुरक्षिततेचा होता, आणि 1999 मध्ये तो बरोबरही होता. गफलत अशी झाली की काय साधायचं ते लिहायच्या ऐवजी कुठलं साधन वापरायचं ते कायद्यात लिहिलं गेलं.

सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळणार नाही. रोज फसवणुकीच्या बातम्या येतात. कुणाच्या तरी काकूंचे लाखो रुपये स्क्रीन शेअर करून जातात. बँकेने काही तपासणी करणं मला मान्य आहे. पण आज कित्येक बँकांची ॲप्स फोनमध्ये तंत्रज्ञांसाठी असलेले ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू दिसले तरी चालायचं नाकारतात. फोनवर कंपनीने दिलेल्या अँड्रॉइडऐवजी दुसरं, बऱ्याचदा जास्त ताजं आणि जास्त सुरक्षित अँड्रॉइड घातलं असेल, तरी नाकारतात. पाच वर्षांपूर्वीचा, एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला स्वस्त फोन मात्र बिनदिक्कत चालतो, कारण त्याच्यावर गूगलचा शिक्का आहे. म्हणजे तपासलं जातं ते फोन सुरक्षित आहे का हे नव्हे, तर तो ओळखीचा आहे का हे. 2023 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी हाच शिक्का वेबवरही आणायचा प्रस्ताव मांडला होता: ब्राउझर आणि यंत्र ‘अस्सल’ असल्याचा दाखला साइटने मागायचा. टीका इतकी झाली की नोव्हेंबरात तो मागे घेतला गेला. यूपीआय तर मुळातच ॲपचं राज्य आहे. तरी एक चांगलं उदाहरण तिथेच आहे: मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय 123पे आणलं. मनात आलं की दुसरं दार करता येतं.

अलीकडे एक नवं संकट आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे यांत्रिक अभ्यागत लहान साइटना अक्षरशः बुडवत आहेत. त्यांना थोपवायला जानेवारी 2025 मध्ये अनुबिस नावाचं एक मुक्त साधन आलं. ते तुमच्या ब्राउझरला आधी एक गणित सोडवायला लावतं. त्याचा मूळ नियम ऐका: ज्याच्या ओळीत मोझिला आहे त्यालाच गणित घालायचं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जे सोंग आत शिरायला घ्यावं लागलं, त्यावरूनच आता संशय. मोठ्या रखवालदार कंपन्यांच्या चाचण्यांत तर पेल मूनसारखे लहान ब्राउझर 2025 च्या सुरुवातीला वारंवार अडकून पडले. यात साइटवाल्यांची बाजू खरी आहे, आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी सोपं उत्तर नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये ॲमेझॉनने परप्लेक्सिटी कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. त्यांचा कॉमेट ब्राउझर ग्राहकाच्या वतीने स्वतःच खरेदी करतो आणि आपण क्रोम असल्याचं भासवतो, अशी तक्रार. परप्लेक्सिटीचं म्हणणं, ग्राहकाने नेमलेला मदतनीस म्हणजे ग्राहकच. बघा, मिंत्राच्या वेळचाच सौदा: दुकानात माझा माणूस चालेल की त्यांचाच हवा? दोन्ही बाजूंकडे इतका पैसा आहे की यातून उभा राहणारा नियम तुमच्या-माझ्यासाठी असेल अशी मला फार आशा नाही.

सरकारच्या बाबतीत मात्र आशेला जागा आहे, कारण नियम कागदावर आहेत. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर 2010 मध्ये आलं. सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये निघाली. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. या कायद्याच्या नियमांतला केवळ शिफारशीसारखा असलेला भाग सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला रद्द ठरवला आणि सक्तीची किमान मानकं करा म्हणून सांगितलं. मग 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून प्रकरणाचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीला बँकेच्या डिजिटल केवायसीत पापणी मिटून दाखवायला सांगितलं गेलं होतं, आणि ते तिला शक्य नव्हतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ती जिवंतच नव्हती! न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हे अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतं असं म्हटलं. हा निकाल अपंगांसाठी आहे, तो तसाच राहावा. पण दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हेही त्याने निवडलेलं सॉफ्टवेअरच असतं. सामायिक मानक पाळलं की त्याचं पान चालतं आणि सोबत फायरफॉक्सवाल्याचंही. एकच काम आहे ते.

हे काम घडतं कुठे, तर निविदेत. कंत्राटदार निविदेत लिहिलेलं करतो, त्याबाहेरचं करत नाही. मी त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून सांगते. निविदेत ‘अमुक ब्राउझरच्या अमुक आवृत्त्या’ असं लिहिलं की मघाचा आखूड तक्ता तयार होतो. ‘खुल्या मानकांनुसार, आणि ब्राउझरचं नाव पाहून कुणालाही न अडवता’ असं लिहिलं तर तक्त्याची गरजच पुष्कळ कमी होते. त्याला एक वाक्य जास्त लागतं, आणि पैसे फारसे लागत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सरकारी पोर्टलवर ‘तुमचा ब्राउझर चालत नाही’ अशी पाटी दिसली, तर मुलाला फोन करून क्रोम कसं घालायचं ते विचारण्याआधी त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा: या पोर्टलच्या कंत्राटात ब्राउझरविषयी कोणती अट आहे, खुल्या मानकांच्या धोरणाशी ती कशी जुळते, आणि चाचणीचा अहवाल कुठे आहे? शुल्क दहा रुपये. हा अर्ज कागदावर लिहून पोस्टाने पाठवता येतो, त्याला कुठलाच ब्राउझर लागत नाही. मसुदा मी करून आणला आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही. प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.